रविवारची लांडगीण

१२ जानेवारी, रविवार

आणि वर मलाच म्हणतात, मावशी जरा हळू बोला, लांडगा बिचकेल. माझ्याच माळावर, माझ्याच मेंढरांपुढं मी हळू बोलायचं, का तर पुण्याहून दोन गाड्या भरून माणसं लांडगा बघायला आली आहेत. त्या जनावरानं दिवाळीपासून माझी चार मेंढरं नेली. तवा कुणी बघायला आलं नाही. आता दुर्बिणी घेऊन येतात. एक बाई म्हणाली, किती गोड आहे. गोड. तिच्या दारातलं कोकरू गेलं असतं म्हणजे कळलं असतं.

हे सगळं दिग्विजयचं काम. माझ्या दिराचा पोरगा. पुण्याची नोकरी गेली तसा गावी आला, वर्षभर नुसता बसून होता. मग डोक्यात सहलीचं खूळ शिरलं. माळशिंगीच्या एसटी स्टँडवर मोठा बोर्ड लावला, एक दिवसाची सहल. सकाळी गढी, मग इंग्रजांच्या वेळचा तलाव, नाथाच्या देवळामागची बारव, आणि दुपारी धनगराच्या वस्तीवर जेवण. जेवण म्हणजे मी. सहा महिने कुत्रं फिरकलं नाही. गढीच्या दोन भिंती उरल्यात, आणि तलावात पाणी असलं तर असतं. मग त्यानं बोर्डाखाली लाल रंगात आणखी एक ओळ घातली, "लांडगा पॉइंट, हमखास दर्शन." तेव्हापासून रविवार आला की माझ्या चुलीला उसंत नाही.

ही वही वनखात्याच्या समीक्षाबाईनं दिली. गार्ड आहे. वयानं पोर, पण काठीसारखी ताठ. मेंढरू गेलं की तारीख लिहून ठेवा म्हणाली, पंचनाम्याला तुम्हाला कवाच तारीख आठवत नाही. मी चौथी शिकले. तारीख लिहिता येते, बाकीचंही येतं. मालक कळप घेऊन कराडकडं उसाच्या रानात गेलेत, मिरगाच्या आत माघारी येत नाहीत. माझ्याकडं म्हाताऱ्या आणि विणाऱ्या अशा तीस मेंढ्या. बोलायला कोण आहे. म्हणून तारखेच्या पुढंही लिहिते.

१४ जानेवारी, संक्रांत

दिग्विजय तीळगूळ घेऊन आला. म्हणाला, काकी, आता तरी पाहुण्यांशी गोड बोल. मी म्हटलं, जेवायला घालते तेवढं पुरे.

१६ जानेवारी, गुरुवार

पलीकडच्या वस्तीवरच्या नाथाजीची पाटी, तरणी मेंढी, नेली. वर्षाची झाली होती, पहिलं वेत यायचं होतं. दुपारी, उन्हाचं. नाथाजी दगड घेऊन नाल्यापर्यंत धावला आणि पडला. गुडघा फुटला. त्याच्या मेंढीची तारीख माझ्या वहीत का लिहायची, पण लिहिली.

१९ जानेवारी, रविवार

आज मीही पाहुण्यांबरोबर तळ्याकडं, त्या लांडगा पॉइंटला गेले. ती पाच वाजता आली. मादी आहे. नुसती हाडं आणि कातडं, उजवा कान फाटलेला. पोटाखाली सड लोंबत होते, म्हणजे विलेली. पाण्याच्या कडेला मोठ्या दगडाजवळ गेली, मान खाली घालून बराच वेळ काहीतरी करत होती, लोकांनी पोटभर फोटो काढले, मग गेली.

मला एक कळत नाही. हिला वार कसा समजतो? दिवाळीपासून एक रविवार चुकली नाही. मंगळवारी, बुधवारी मी तिथंच मेंढरं पाजते, तवा हिचा पत्ता नसतो. बाजाराला येणाऱ्या बाईसारखी वार धरून येते. दिग्विजयला विचारलं तर हसला. म्हणाला, "काकी, तिला पण रविवारची सुट्टी असती."

पोरगं तसं कष्टाळू आहे, उगीच नाव का ठेवू. दुपारी पाहुणे जेवत होते तवा मोटरसायकलवर पोतं बांधून तळ्याकडं जाताना दिसला. विचारलं तर म्हणाला, कचरा उचलायला. येताना पोतं मोकळंच होतं, बहुतेक कचरा नसेल. गावातली कुत्री मात्र हल्ली माळावर लय झालीत. पूर्वी एवढी नव्हती.

२२ जानेवारी, बुधवार

माझं कोकरू. काजळी मेंढीचं, दीड महिन्याचं. लांडगिणीनं धरलं आणि मी काठी घेऊन मागं लागले, ओरडून ओरडून घसा बसला. ओघळीच्या तोंडाशी टाकून पळाली. मेलेलंच होतं. आणून पोत्याखाली झाकलं आणि समीक्षाबाईला फोन लावला. मेलेलं जनावर हलवायचं नाही, टाकायचं नाही, पंचनामा होईपर्यंत सांभाळायचं, असा नियम आहे. ती संध्याकाळी आली. फोटो काढले, कागद केले, मग पुरलं.

माझ्या सासूला, अंबूबाईला, हे पटलं नसतं. ती म्हणायची, लांडग्यानं नेलं तर माघारी ओढायचं नाही. तोंडानं म्हणायचं, तुझा वाटा घे आणि आमच्या वाघराकडं बघू नकोस, आणि पाठ फिरवायची. मग पंधरा-पंधरा दिवस तो वाघराकडं, मेंढरं कोंडायच्या जाळीकडं, फिरकत नसे. जुन्या बायकांचं काय, त्यांना पंचनामा माहीत नव्हता.

काजळी दिवसभर ओरडते आहे. कान किटले.

२५ जानेवारी, शनिवार

तिसऱ्याच दिवशी परत. आणखी एक कोकरू. हेही हिसकावलं. हावरट झाली आहे रांड.

२७ जानेवारी, सोमवार

मीच नाथाजीला म्हटलं, बघ बाबा काहीतरी. आज तो पुडी घेऊन आला. म्हणाला, "वैनी, तुमच्याकडं ठेवा. माझ्या घरात नातवंडं कुठंबी हात घालत्यात. अजून एक मेंढरू जाऊ द्या, त्याच्या मढ्यावरच टाकू. समदं खटलं एका दमात जाईल."

पुडी डब्यात घालून आढ्याला बांधली. बरं वाटलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

एक म्हातारी मेंढी चुकली म्हणून ओघळीत उतरले. ती सापडली, पाय मुरगळलेला, खांद्यावर घेतली. वर चढताना समोरच्या काठात, बोराटीच्या मागं, बीळ दिसलं. बाहेर चार पिल्लं. मातीच्या रंगाची, कुत्र्याच्या पिल्लांसारखीच, नाक बोथट. तीन आत पळाली. एक तिथंच उन्हात बसून राहिलं आणि माझ्या सावलीकडं बघायला लागलं, माझ्याकडं नाही.

मग ती आली. वीस पावलांवर उभी राहिली. नर काही दिसला नाही. मार्गशीर्षात मोठ्या रस्त्यावर एक लांडगा गाडीखाली गेला म्हणत होते, तोच असणार. म्हणजे ही एकटीच चौघांना सांभाळते. ती माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. मी काठी उचलली नाही. खांद्यावर मेंढी होती म्हणून.

नाथाजीला उद्या सांगते. पुडी तिथंच नेऊन ठेवली की झालं.

१ फेब्रुवारी

नाथाजी भेटला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

नाथाजी भेटला, पण पाहुण्यांच्या भाकरी थापायच्या होत्या. राहिलं.

दिग्विजय चुलीपाशी येऊन बसला. म्हणाला, "काकी, तिनं पिल्लं घातली असतील. तुला जागा ठावी असंल. दावलीस तर फोटोवाल्यांची नुसती रांग लागंल बघ." मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी काय तिची सुईण आहे?

खोटं का बोलले कळत नाही. त्या गाड्या माझ्या गवतावरून जातील म्हणून असेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मालकांचा फोन. मेंढरं उसाच्या पाल्यावर बरी आहेत. त्यांना लांडगिणीचं सांगितलं, पुडीचंही सांगितलं. बिळाचं नाही सांगितलं. ते म्हणाले, "एकलीच हाय का? मग ती तरी कुठं जाणार. तू कुठं जातीस का वस्ती सोडून?"

मला लांडग्याच्या पंगतीला बसवू नका म्हटलं आणि फोन ठेवला. आठ महिने बाहेर राहणाऱ्या माणसानं असं बोलायचं.

आज सहज ओघळीच्या अंगानं मेंढरं चारली. तिकडं गवत अजून आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

सांगलीकडचे पाहुणे. बाळगोंडा पाटील, द्राक्षाचे बागायतदार, आणि त्यांची बायको कस्तुरी. जैन माणसं. आल्या आल्या कस्तुरीबाईनं सांगितलं, कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, जमिनीखालचं काहीच नको, आणि दिवस मावळायच्या आत जेवण झालं पाहिजे. मी म्हटलं, मग राहिलं काय, दगड? ती हसली, रागावली नाही. म्हणाली, "आवं, तुमचं हुलग्याचं माडगं करा की. बिनलसणाचं. मला शिकायचंच हाय."

भांडी राखेनं पुन्हा घासली. ती चुलीपाशी बसून राहिली. बाकीच्यांसारखी फोन काढून बसली नाही. मेंढरं गेल्याचं सांगितलं तर विचारलं, मग तुमी तिला मारत का न्हाई? मी पुडीचं सांगितलं नाही. अंबूबाईचं सांगितलं, वाट्याचं. ती म्हणाली, "म्हंजे तुमच्यात जेवायला वाढून पाठ फिरवायची रीत हाय. चांगली रीत हाय." मी असा विचार कवा केला नव्हता.

साडेचारला सगळे तळ्याकडं गेले. अर्ध्या तासात कस्तुरीबाई एकटीच माघारी, नाकाला पदर. पाणी मागितलं, चूळ भरली. मग म्हणाली, "तिथं मेलेल्या कोंबड्या हायत. पाच-सहा. सुतळीनं दगडाला बांधल्यात."

मी म्हटलं, बांधल्यात? मेलेल्या कोंबड्या कोण कशाला बांधेल?

मागून बाळगोंडा आले. ते उभ्या उभ्याच बोलले. "उचलून न्हिऊ नये म्हणून. तिथंच खाल्ली पायजे, लोकांसमोर. सुलाबाई, ती तुमच्या पोरानं बोलावल्याली येती. आता मला सांगा, रविवारी हितं खाती. मग सोमवारी काय खाती?"

त्यांना जेवून दिवस असताना निघायचं होतं. मी वाढलं. कोण किती जेवलं ते बघितलं नाही.

ते गेल्यावर ही वही काढली. नाथाजीची पाटी, गुरुवार. माझं कोकरू, बुधवार. दुसरं, शनिवार. आठवून आठवून दिवाळीपासूनची लिहिली, त्यात एक मंगळवारची, आठवडी बाजाराची, ते पक्कं आठवतं. रविवारचं एकही नाही. सोमवारचंही नाही. रविवारी तिचं पोट भरतं आणि मग आठवडाभर ती पोट भरायची वाट शोधत माणसांच्याच अंगानं फिरते. समीक्षाबाई म्हणाली तारीख लिहा. लिहिली, पण वाचली नव्हती.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी तळ्यावर गेले. सुतळीचे तुकडे, पिसं, आणि गावातली सात-आठ कुत्री उरलेल्यावर भांडत होती. म्हणजे कुत्री पण ह्याच्यामुळंच. पोत्यात कचरा न्यायचा म्हणे. आणायचा.

तिथूनच एसटी धरून माळशिंगीला गेले. स्टँडसमोर दिग्विजयचं छोटं दुकान आहे, भिंतीवर गढीचा फोटो, तिचा फोटो. मी दारातच सुरू केलं, चहावाल्यानं गाडा बाजूला घेतला इतकं. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, "पोल्ट्रीत रोज मरत्यात काकी, खड्ड्यातच टाकत्यात. मेलेल्या कोंबड्यांनी कुणाचं काय गेलं?"

"माझं गेलं. नाथाजीचं गेलं."

त्यानं टेबलावरचा पेन उचलून फिरवला. मग जे बोलला ते अजून डोक्यातून जात नाही. म्हणाला, "सहा महिने मी लोकांस्नी दोन भिंती दावल्या. लोक भिंतीकडं बघायचे आन् मग माझ्याकडं बघून हसायचे. पुण्यातनं आलो तवा गावबी हसलं. आता फोन येत्यात, दिग्विजयराव, येत्या रविवारी जागा हाय का. ती न्हाई आली तर पुन्हा दोन भिंती. तू सांग काकी, मी काय दावू?"

मी ओरडायला गेले होते. ओरडून झालं. पण ह्याचं उत्तर मला आलं नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणून आणखी चार शिव्या घातल्या. येताना एसटीत बसून राग कमी व्हायला हवा होता, झाला नाही. निम्मा राग माझ्यावरच होता. कोंबड्या त्यानं बांधल्या. पण नियम म्हणून तिचा वाटा पोत्याखाली झाकून मीही ठेवला. हिसकावलं की तिसऱ्या दिवशी परत यायची, तिला मी हावरट म्हटलं. उपाशी होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी म्हातारी मेंढी गेली. तीच, जिचा पाय मुरगळला होता. मागं राहिली होती. लांडगीण तिला ओढत ओघळीकडं निघाली आणि मी काठी घेऊन धावले, आणि धावता धावता थांबले.

सासू म्हणायची तसं म्हटलं. तुझा वाटा घे. आमच्या वाघराकडं बघू नकोस. मोठ्यानं म्हटलं, घसा बसेल इतकं नाही. पाठ फिरवली. लय अवघड असतं पाठ फिरवणं. वळून बघावंसं वाटत होतं.

समीक्षाबाईला फोन केला नाही. तिनं वही मागितली तर हे पान दाखवायचं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पाच दिवस झाले. माझ्या वाघराकडं नाही, नाथाजीच्याही नाही. पण परवा रविवारी तळ्यावर आली, कारण कोंबड्या होत्या. दिग्विजयनं काही ऐकलेलं नाही.

पाण्यावर नाथाजी भेटला. माझ्या मेंढरांवरून नजर फिरवली. आमच्यात मोजत नाहीत, तोंडं बघतात. म्हणाला, "म्हातारी कुठाय वैनी?" खोटं बोलता आलं असतं, पण धनगराला मेंढराबद्दल खोटं सांगता येत नाही. सांगितलं. तो म्हणाला, मग पुडी काढा. मी म्हटलं, आता पाच दिवस शांत आहे, थोडं थांब. त्यानं काठी जमिनीवर टेकवली.

"वैनी, तुमीच तर मागितली व्हती."

व्हय, मीच मागितली होती. अवसेपर्यंत थांब म्हटलं. थांबतो म्हणाला. त्याच्या पुढं नाही. त्याचा गुडघा अजून सुजलेला आहे, त्याला मी काय तोंडानं सांगू?

२० फेब्रुवारी, गुरुवार

दिग्विजय, हे पान फाडून तुझ्या दुकानात देणार आहे. तोंडानं सांगायला आले की मी ओरडते आणि तू पाणी देतोस, त्यात मुद्दा राहतो. म्हणून लिहिते.

रविवारी तुझी शाळेची बस आहे, पन्नास पोरं. त्यांना तू सुतळीला बांधलेल्या कोंबड्या दाखवणार आणि त्याला लांडगा म्हणणार. ती लांडगीण राहिलेली नाही. तू तिला तुझ्या दारातलं कुत्रं केलंस, आणि कुत्र्याला कुणी सोमवारी जेवायला घालत नाही म्हणून ती माझ्या मेंढरात येते. आढ्याला डब्यात पुडी आहे. कशाची ते तुला कळेल. ती मी मागून घेतली आहे, नाथाजीवर ढकलू नकोस. येत्या गुरुवारी अवस आहे आणि तो मागायला येणार आहे. मेलेल्या मेंढरावर घातली की लांडगीण जाईल, तिच्या मागं जे कोण असेल ते जाईल, कुत्री जातील, गिधाडं-घारी जातील. मग तुझ्या बोर्डावर काय लिहिशील ते लिही.

तू मला विचारलंस, मी काय दावू. तवा उत्तर आलं नव्हतं. आता आलं आहे, बरोबर का चूक तू बघ. कोंबड्या बंद कर. बोर्डावरची "हमखास" ओळ खोडून टाक. माळावर हमखास काय आहे? पाऊससुद्धा नाही. माणसांना तळ्यापाशी नेऊ नकोस, अलीकडच्या टेकडीवर बसव. मी येते. तिचा माग मातीत कसा ओळखायचा, कुत्र्याचा आणि तिचा यात फरक काय, ते मी दाखवीन. तीस मेंढ्यांची तोंडं कशी ओळखायची ते दाखवीन. अंबूबाई काय म्हणायची ते सांगीन, हळू आवाजात सांगीन. दिसली तर दिसली. नाही दिसली तर नाही दिसली असं तोंडावर सांगायचं. एखादा हसेल. हसू दे. गढीच्या भिंतीपाशीसुद्धा कुणी बसून सांगितलं असतं की इथं कोण राहत होतं, तर लोक तुझ्याकडं बघून हसले नसते.

पिल्लांचं मला विचारू नकोस. कुठं आहेत मला ठाऊक नाही.

हे जमणार नसेल तर रविवारी माझी चूल बंद. मी तळ्यावर त्या दगडावर जाऊन बसेन आणि पन्नास पोरांना सुतळी दाखवीन.

शनिवारी सकाळी, मेंढरं सोडायच्या आत, वस्तीवर ये आणि हो का नाही ते सांग. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. नाथाजीला पुडी द्यायची का जमिनीत गाडायची, ते मला शनिवारी कळलं पाहिजे.